मिरची घातलेली रेड एल चाखायची कशी

मालवणी मसाल्यावर पोसलेल्या माणसापुढे मिरचीची बिअर ठेवली की बहुतेक वेळा एकच गोष्ट होते. पहिला घोट घेऊन तो म्हणतो, "ह्यात तिखट खय आसा?" दुसऱ्या घोटालाही तेच. तिसऱ्यानंतर मात्र ग्लास खाली जातो, घसा खाकरला जातो आणि पाण्याचा तांब्या शोधला जातो. मग निकाल लागतो, "लय तिखट आसा." दोन्ही निकाल घाईचे आहेत. तिखट किती, एवढ्यावर ही बिअर जोखता येत नाही. तिखट कधी आलं, कुठे लागलं आणि ते आल्यावर बिअर शिल्लक राहिली का, हे तीन प्रश्न विचारायचे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी दोन्ही पाहुण्यांची ओळख

आपल्याकडच्या वाइन शॉपात मिळते ती बहुतेक बिअर लागर असते: थंडाव्यात सावकाश आंबवलेली, फिकट, घशाखाली पटकन उतरणारी. एल त्यापेक्षा उबदार तापमानाला आंबते, साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला, त्यामुळे तिला यीस्टचा थोडा फळासारखा वास येतो. रेड एल ही मूळची आयर्लंडकडची. तिचा तांबडा रंग मिरचीतून येत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण नवखा माणूस हमखास तसं समजतो. रंग येतो कॅरॅमल माल्टमुळे (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा जव) आणि चिमूटभर खरपूस भाजलेल्या जवामुळे. आयरिश धाटणीच्या रेड एलमध्ये अल्कोहोल साधारण ३.८ ते ५ टक्के असतं आणि कडूपणा बेताचा. अमेरिकन धाटणीची अँबर किंवा रेड एल जरा जास्त कडू असते आणि अल्कोहोलही ६ टक्क्यांच्या आसपास जातं.

मिरची घालायला हीच बिअर का? माझं मत सांगतो. फिकट लागरमध्ये मिरची उघडी पडते, जिभेला नुसती टोचते. काळ्या स्टाउटमध्ये भाजल्या दाण्याचा कडवटपणा इतका असतो की मिरचीचा स्वाद त्यात बुडतो आणि जळजळ तेवढी वर तरंगते. रेड एलमध्ये माल्टचा गोडसरपणा पुरेसा असतो. तिखटाला टेकायला जागा मिळते. अमेरिकेत रोग नावाच्या ब्रुअरीने चिपोटले, म्हणजे धुरावलेली सुकी हालापेन्यो मिरची, घालून जी एल काढली तिचा पायाही अँबर एलचाच होता.

मिरचीविषयी कोकणातल्या माणसाला सांगायचं म्हणजे आजीला नातवंडांची नावं सांगणं. तरी तीन गोष्टी सांगतोच, कारण चाखताना त्या उपयोगी पडतात.

पहिली: तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन मुख्यतः बियांत नसतं. मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरांत असतं, बियांना ते लागलेलं असतं इतकंच. दुसरी: कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये आणि स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून बिअरमध्ये ते उतरतं, आणि म्हणूनच ठसका लागल्यावर ढसाढसा पाणी पिऊन काही होत नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: कॅप्सेसिनला वास नसतो. नाकाला जो वास येतो तो मिरचीच्या बाकीच्या द्रव्यांचा. वास जोरदार आला म्हणून बिअर तिखट असेलच असं नाही, आणि वास अजिबात आला नाही म्हणून बेफिकीर राहू नका.

तिखट ही चवच नाही, तो भाजल्याचा भास आहे. आपल्या नसांत उष्णता ओळखणारा जो ग्राहक (रिसेप्टर) असतो, साधारण ४३ अंशांच्या पुढे जागा होणारा, त्यालाच कॅप्सेसिन जाऊन चिकटतं. तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की अल्कोहोलही त्याच ग्राहकाला हळवा करतं. मिरचीचा तोच तुकडा वरणात आणि बिअरमध्ये वेगळा लागतो, तो यामुळे.

बाटली किंवा ग्लास निवडताना

खरं बोलायचं तर दापोली, गुहागर, देवगडच्या दुकानात ही बिअर मिळेल अशी आशा धरू नका. क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या प्रमाणात केलेली बिअर, आपल्या भागात अजून शहरातच अडकली आहे. पुण्यात २००९ मध्ये डुलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे स्वतःची बिअर बनवून तिथेच पाजणारी जागा, सुरू झाली, त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा वाढत गेल्या, गोव्यातही आता बऱ्याच आहेत. मिरचीची एल बहुतेक ठिकाणी बारमाही नसते, एखादा घाणा काढतात आणि संपला की संपला. तेव्हा जाण्याआधी फोन करून विचारा. न मिळाल्यास काय करायचं ते पुढे सांगतो.

एक इशारा: गोव्यातून येताना डिकीत बाटल्या भरून आणू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. महाराष्ट्रात पिण्यासाठीही परवाना आणि वयाची अट आहे. जिथली बिअर तिथेच चाखावी, हे उत्तम.

बाटली हातात आली की तीन गोष्टी बघा. भरल्याची तारीख: ताजी हवी, मिरचीचा वास महिन्यागणिक उतरत जातो आणि जळजळ मात्र राहते. बाटलीचा रंग: तपकिरी बरी, कारण उजेडाने हॉप्समधली (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली) द्रव्यं बिघडतात आणि बिअरला उग्र दुर्गंधी येते. तिसरं, मिरची कोणती आणि कधी घातली. लेबलवर नसेल तर विचारायला लाजू नका. "दादा, मिरची उकळताना घालता की आंबवून झाल्यावर?" एवढं विचारलंत तरी समोरचा माणूस सरसावून बसतो. उकळताना घातलेली मिरची अंगात मुरते, वास कमी ठेवते. आंबवल्यानंतर थंड बिअरमध्ये भिजवलेली मिरची वास जास्त देते आणि तिचं तिखट जास्त धारदार लागतं.

ओली हिरवी मिरची असेल तर ढोबळी मिरचीसारखा कच्चा, गवतट वास अपेक्षित ठेवा. सुकी लाल असेल तर मनुका, तंबाखू, उन्हात वाळत घातलेल्या मिरच्यांची चटई. धुरावलेली असेल तर अर्थातच धूर, आणि तो चटकन बाकीचं सगळं झाकतो. मला स्वतःला सुकी लाल मिरचीच रेड एलमध्ये आवडते. बेडगी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ती रंग-वास भरपूर देते आणि तिखटाने माजत नाही. लवंगी घातली असेल तर ब्रुअर धाडसी आहे किंवा त्याला मिरची कळत नाही, दोन्हीपैकी काय ते ग्लासातच कळेल.

तापमान आणि ग्लास: इथेच बहुतेक घोटाळे

फ्रिजमधून काढली आणि ओतली, असं करू नका. फ्रिज असतो ४ अंशांच्या आसपास आणि रेड एलला हवेत ८ ते १२. फार थंड बिअरमध्ये माल्ट मुका होतो, वास बसतो आणि मिरचीही दबून राहते. मग ग्लास तापत गेला की तिखट चढत जातं आणि वाटतं, खालच्या बिअरमध्ये जास्त मिरची आहे. तसं नसतं, बिअर तीच असते. पुण्याच्या हिवाळ्यात बाटली पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवावी लागेल. वेंगुर्ल्यात मे महिन्यात पाच-सात मिनिटं पुष्कळ झाली. बाटलीवर दव जमून ओघळू लागलं आणि हातात धरल्यावर बोटं गारठेनाशी झाली की ओता.

ग्लास हा कोकणातला खरा अडथळा आहे. आपल्या घरात खोबरेल, माशाचं तेल, नारळाचा रस या सगळ्यांनी भांड्यांवर एक अदृश्य थर असतो. स्निग्धतेचा अंश जरी असला तरी बिअरचा फेस मरतो. मिरचीच्या बिअरचा फेस मुळातच जरा कमजोर असतो, कारण मिरचीतही थोडं तेल असतं. तेव्हा फेस बसला तर दोष ग्लासाचा की बिअरचा हे कळायला हवं. ग्लास गरम पाणी आणि साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, पुसू नका, उपडा ठेवा. मग आतून पाणी फिरवून बघा. पाणी सपाट पापुद्र्यासारखं ओघळलं तर ग्लास स्वच्छ. थेंब थेंब होऊन चिकटून राहिलं तर पुन्हा धुवा. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुड्यांचे पुंजके चिकटलेले दिसले तरी तेच समजा. वाइनचा मोठ्या पोटाचा ग्लास चालतो, उलट उंच सरळ ग्लासापेक्षा बरा, वास साठतो त्यात.

आणि हो, स्वयंपाकघरात सुकट भाजली जात असेल तर ओटीवर जाऊन बसा. उदबत्ती विझवा. जवळ बसलेल्या कोणाच्या केसात सुरंगीचा वळेसर असेल तर त्याला काही करता येणार नाही, थोडं लांब बसा.

ओता, बघा, हुंगा

ग्लास तिरका धरून अर्ध्यापर्यंत ओता, मग सरळ करून मधोमध, म्हणजे बोटभर फेस येईल. पूर्ण भरू नका. चाखायला १२० ते १५० मिलीलिटर पुरे.

उजेडासमोर धरा. चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीचा रंग हवा, कडेला थोडी लाली. गढूळपणा थोडा असू शकतो, बिघाड नव्हे.

आता नाक. ग्लास दोनदा गोल फिरवा आणि लहान लहान दोन-तीन श्वास घ्या, एकच दीर्घ श्वास नको. आधी माल्ट शोधा: भाजलेला पाव, बिस्किट, काकवी, टॉफी. मग मिरची शोधा. दोन्ही सापडले तर ब्रुअरने काम नीट केलंय. नुसती मिरची सापडली तर शंका घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झाली आहे किंवा हवा लागली आहे. कुजक्या भाजीचा वास आला तर मिरची खराब होती किंवा बिअरच बिघडली आहे. हे दोष मिरचीखाली लपवता येतात, म्हणून या बिअरला नाक जास्त वेळ लावायचं. नाकाने पकडलं नाही तर तोंडात गेल्यावर मिरची जीभ ताब्यात घेते आणि मग काही पकडता येत नाही.

तीन घोट

आधी काही खाऊ नका, पण अगदी रिकाम्या पोटीही बसू नका. तासाभरापूर्वी पेज, ऊनऊन भात किंवा घावण खाल्लेलं असावं. मुखशुद्धीला बडीशेप-पान अजिबात नको.

पहिला घोट लहान, चमचाभर. तो जिभेवर पसरवा, गिळा आणि थांबा. या घोटात मिरची शोधायचीच नाही. माल्ट किती गोड, हॉप्स किती कडू, अंगाने पातळ की भरीव, एवढंच. तिखट चढायला काही सेकंद घेतं, तेवढ्या खिडकीतच तुम्हाला मूळची बिअर दिसते. ही खिडकी पुन्हा मिळत नाही. नवख्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं: पहिलाच घोट मोठा घेतात, लगेच दुसरा, आणि खिडकी बंद.

दुसरा घोट नेहमीएवढा. गिळल्यावर मनात सावकाश मोजत राहा. जे पहिल्यांदा चरचरतं ते बहुधा मिरची नसून गॅस असतो. कार्बन डायऑक्साइडही जिभेला टोचतो. पण गॅसचं टोचणं गिळताच संपतं, मिरचीचं तिथून सुरू होतं. आता बघा, कुठे लागलं? जिभेच्या टोकावर, ओठांवर, टाळूला, की घशात? घशात एकाच जागी खिळ्यासारखं बसणारं तिखट मला तरी आवडत नाही. तोंडभर पसरून हळूहळू उतरणारं आवडतं. किती मोजल्यावर आलं, कितीवर शिगेला पोचलं, कितीवर ओसरलं, हे लिहून ठेवा.

तिसरा घोट लगेच घ्या, तिखट अजून तोंडात असतानाच. आता एकच प्रश्न: माल्ट परत सापडतो का? काकवीचा तो गोडवा मिरचीच्या मागून डोकावला तर बिअर जिंकली. नुसतीच जळजळ आणि अल्कोहोलची ऊब उरली असेल तर त्यांनी मिरचीपाणी विकलंय, कितीही झोकदार लेबल असो.

घोटामागून घोट घेत राहिलात तर तिखट थरावर थर चढतं. आणि एकदा चांगलं चढल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा घेतलंत तर तेच तिखट कमी वाटतं, कारण जीभ बधिर झालेली असते. म्हणून दोन-तीन प्रकार चाखायचे असतील तर सौम्य आधी, जहाल शेवटी, आणि चौघांनी मिळून चाखताना सगळ्यांनी एकाच वेळी घोट घ्यायचा. एकाने आधी संपवून दुसऱ्याशी वाद घातला तर दोघंही खरं बोलत असतात आणि वाद मिटत नाही.

जीभ परत जागेवर आणायला

पाणी नको, ते सांगितलंच. दूध किंवा दही चालतं, दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धुऊन नेतं. पण आपल्याकडे नारळ असताना दुधाला कशाला हात लावायचा? नारळाचा जाड रस दोन घोट तोंडात खळखळवून गिळा, त्यातल्या स्निग्धतेत कॅप्सेसिन विरघळून जातं. सोलकढीही चांगली, फक्त ती बिनमिरचीची आणि बिनलसणाची करून घ्या. नाहीतर मिरचीवर मिरची. सोबत साधा भात किंवा कोरडा पाव असू द्या.

सोबत काय खायचं

चाखून झालं, आता जेवा. पहिली सूचना: बांगड्याचं तिखलं त्या दिवशी बाजूला ठेवा. वाईट म्हणून नाही. त्यातलं तिरफळ जिभेला झिणझिण्या आणून बधिर करतं, आणि मिरची व तिरफळ एकत्र आले की बिअर कुठे गेली ते कळत नाही. तीच गत तिखटजाळ सुक्या मटणाची.

रव्यात घोळून तव्यावर भाजलेला बांगडा किंवा सुरमई, मीठ-हळद-कोकमाचं आगळ एवढंच लावून, उत्तम लागते. खरपूस रवा आणि माल्ट एकमेकांना ओळखतात. ओल्या काजूगरांची उसळ, ओलं खोबरं सढळ घालून, ही माझी आवडती जोडी: काजूचा स्निग्धपणा तिखटाला आवरतो आणि बिअरचा गोडवा पुढे येतो. गोडात शिरवाळे आणि नारळ-गुळाचा रस घ्या. बिअरसोबत शिरवाळे म्हटल्यावर घरातली वडील माणसं भुवया उंचावतील. उंचावू देत. गूळ आणि कॅरॅमल माल्ट यांचं नातं आहे, आणि नारळाचा रस आपलं काम करतोच.

कैरी, लोणचं, लिंबू यांच्यापासून लांब राहा. आंबट लागल्यावर जिभेची आधीच चुरचुर होते आणि तिखट आणखी झोंबतं.

मिरचीची एल मिळालीच नाही तर

साधी रेड किंवा अँबर एल मिळाली तरी हा सराव घरी करता येतो, आणि शिकायला कदाचित तोच बरा. दोन सुक्या बेडगी मिरच्या घ्या, बिया-शिरा काढून तुकडे करा, ३० मिलीलिटर साध्या वोडकात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा. दुसऱ्या वाटीत तेच एका लवंगीचं करा. मिरच्या हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि तोपर्यंत डोळ्याला लावू नका, हे कोकणातल्या माणसालाही सांगावं लागतं.

आता तीन ग्लासांत प्रत्येकी १०० मिलीलिटर एल. एकात काही नाही. दुसऱ्यात बेडगीचे दोन थेंब, तिसऱ्यात लवंगीचे दोन थेंब. ड्रॉपर नसेल तर चमच्याच्या टोकाने सोडा. ढवळा, चाखा, लागलं तर एकेक थेंब वाढवा. साध्या ग्लासाकडे वरचेवर परत या. कितव्या थेंबाला माल्ट दिसेनासा होतो, तो आकडा लिहा. हा तुमचा स्वतःचा आकडा, शेजाऱ्याचा वेगळा येईल. पुढच्या वेळी ब्रुअरीत गेल्यावर तुम्हाला काय मागायचं ते माहीत असेल.

टिपण

मोठं टिपण लिहू नका. मी लिहितो ते असं:

"रंग तांबूस, फेस लवकर बसला, ग्लास स्वच्छ होता. वास: भाजलेला पाव, काकवी, मागे सुकी मिरची. पहिला घोट गोडसर, कडू बेताचं. दुसरा: आठ मोजल्यावर टाळूला, वीसवर ओठांपर्यंत, घशात नाही. तिसऱ्यात काकवी परत आली. पूर्ण ग्लास घेईन, दुसरा नाही."

शेवटचं वाक्य जरूर लिहा. चवीला वाहवा आणि पूर्ण ग्लास पिणं यात फरक असतो, आणि मिरचीच्या बिअरमध्ये तो सगळ्यात मोठा असतो.

पित्ताचा, अल्सरचा किंवा मूळव्याधीचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. गरोदर बायकांनी आणि अल्कोहोल वर्ज्य असलेली औषधं घेणाऱ्यांनी तर नाहीच. चाखून झाल्यावर गाडी चालवायची नाही, मग घोट तीन असोत की दोन.

बाटलीत थोडी उरली तर ठेवून देऊ नका, सकाळपर्यंत गॅस जातो आणि फक्त तिखट पाणी उरतं. त्याच संध्याकाळी तांदळाच्या पिठात ती थंडगार असतानाच ओता, मीठ घाला, भज्यांइतकं सरसरीत ठेवा आणि त्यात कोलंबी बुडवून तळा. गॅसमुळे आवरण हलकं होतं. मिरची वेगळी घालायची नाही.